दाताने फाडायचे काडतूस

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात १८५७ चे प्रकरण आले की एक वाक्य हमखास येते. काडतुसांना गायीची आणि डुकराची चरबी लावली होती, म्हणून हिंदू आणि मुसलमान शिपाई भडकले. परीक्षेत 'तात्कालिक कारण' या मथळ्याखाली हे वाक्य लिहिले की गुण मिळतात आणि विषय संपतो. पुढे मोठेपणी दोन प्रकारची माणसे भेटतात. एक म्हणतात, बिचारे धर्मभोळे शिपाई, चरबीच्या अफवेवर पेटले. दुसरे म्हणतात, चरबी हे निमित्त होते, खरी कारणे वेगळीच. दोघांच्याही बोलण्यात काडतूस ही वस्तू कुठेच नसते. ते कसे बनवायचे, त्याला चरबी का लागायची आणि ते दाताने का फाडायचे, हे कोणी सांगत नाही. ही वस्तू हातात घेऊन पाहिली तर शिपाई काय विचारत होते ते कळते. आणि आपल्या रत्नागिरीचा या गोष्टीशी काय संबंध होता, तेही कळते.

सुरुवात शब्दांपासून करू. मराठीत बंदुकीच्या चुऱ्याला आपण 'दारू' म्हणतो. फारसीत दारू म्हणजे औषध. बंदुकीची दारू शोधणाऱ्या चिन्यांनीही तिला 'आगीचे औषध' असेच नाव दिले होते, कारण सोरा आणि गंधक ही दोन्ही द्रव्ये आधी वैद्यांच्या बटव्यात होती. इब्न अल-बैतार हा तेराव्या शतकातला औषधी वनस्पतींचा मोठा जाणकार. सोऱ्याला जुने वैद्य 'चीनचा बर्फ' म्हणतात आणि मगरिबातले सामान्य लोक 'बारूद' म्हणतात, अशी नोंद त्याने केली आहे. म्हणजे बारूद हे आधी सोऱ्याचे नाव होते, मग ते सगळ्या मिश्रणाचे झाले. त्याच शतकाच्या अखेरीस शामच्या मुलखातल्या हसन अल-रम्माहने सोरा शुद्ध कसा करायचा यावर लिहिले. 'बंदूक' हा अरबी शब्द मुळात एका कवचाच्या फळाचा, त्या फळाएवढ्या गोळीचा, आणि शेवटी गोळी उडवणाऱ्या हत्याराचा झाला. 'तोफ' तुर्कीतून आली. 'काडतूस' मात्र फिरंग्यांच्या बोलीतले, कागदाची गुंडाळी या अर्थाच्या शब्दावरून आलेले. शिकलगार, गोलंदाज, जमादार ही आडनावे आजही आपल्या आजूबाजूला आहेत. हत्यारांना पाणी देणारा, तोफ डागणारा, पलटणीतला अंमलदार, असे जुने धंदे त्या नावांतून अजून ऐकू येतात.

कोकणाला ही दारू नवी नव्हती. राजापूरला इंग्रजांची वखार होती. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा त्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन तोफ आणि दारूगोळा घेऊन त्याच्या मदतीला गेला. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरवर छापा घातला आणि इंग्रजांना पकडून कैदेत ठेवले. दारूगोळा विकणारा व्यापारी तटस्थ नसतो, हे महाराजांनी त्यांना चांगले समजावले. या कथेत आदिलशाहीचा सरदार मुसलमान आणि महाराज हिंदू एवढेच पाहणाऱ्यांच्या नजरेतून मधला व्यापारी नेहमी सुटतो.

कोकणात दारू सांभाळणे हीच मोठी कसरत. तिच्यात सर्वात जास्त भाग सोऱ्याचा. दारू ओली झाली की भिजलेल्या राखेसारखी निरुपयोगी होते, आणि एकदा भिजून वाळली की तिच्यातले घटक वेगळे होतात, मग तिचा भरवसा राहत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरच्या दारूखान्याबद्दल बारीक सूचना आहेत. दारूखाना वस्तीजवळ नको, दारू मडक्यांत नीट ठेवावी, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने जातीने हजर राहून तिला ऊन द्यावे. कोकणातले चार महिने ज्याने पाहिले आहेत त्याला या हुकमाची किंमत वेगळी सांगायला नको.

आता बंदूक भरण्याची रीत पाहू. ठासणीच्या बंदुकीत सगळे पुढून, नळीच्या तोंडातून जाते. आधी शिंगड्यातून मोजून दारू ओतायची, मग चिंधी किंवा कागद, मग शिशाची गोळी, आणि गजाने ठासायचे. शिकाऱ्याला हे चालते, कारण त्याला घाई नसते. रणांगणावर शिपायाच्या हातून दारू सांडते, माप चुकते, हात थरथरतो. त्यावर तोड निघाली ती कागदी काडतुसाची. कागदाची नळी करायची, तिच्यात एका बाराची मोजलेली दारू आणि एक गोळी भरायची, दोन्ही टोके बंद करायची. शिपायाने कमरेच्या पेटीतून एक काडतूस काढायचे, टोक फाडायचे, दारू नळीत ओतायची, मागोमाग कागदासह गोळी आत ठासायची. एका हातात बंदूक असताना दुसऱ्या हातातले काडतूस फाडायचे कशाने? दातांनी. युरोपातला गोरा शिपाई दातांनीच फाडे, कंपनीचा देशी शिपाईही दातांनीच फाडे. दोघांचे ओठ काळे होत, सोऱ्याने तोंड कोरडे पडे. कंपनीच्या पलटणींतले हिंदू आणि मुसलमान शिपाई पिढ्यान् पिढ्या हेच करत आले होते, आणि कोणाचा धर्म बुडाला नव्हता. त्या जुन्या काडतुसाला चरबी लागत नसे, कारण त्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत होती आणि गोळी नळीपेक्षा बारीक असे. ती खडखडत आत जाई आणि खडखडत बाहेर पडे. म्हणूनच शंभर यार्डांपलीकडे नेमाचा भरवसा नसे.

१८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्ड रायफलीने हे बदलले. तिच्या नळीत आतून पीळ होता, म्हणजे गोल फिरत जाणाऱ्या उथळ खाचा. गोळी लांबट, मागून पोकळ. दारूचा भडका झाला की शिशाची ती पोकळ बाजू फुगून खाचांत बसे, गोळी भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडे आणि लांबवर सरळ जाई. शिसे मऊ आणि सहज वितळणारे म्हणून गोळीसाठी तेच बरे. पण काळ्या दारूची एक खोड आहे. ती पूर्ण जळून धूर होत नाही. तिचा निम्म्याहून जास्त भाग घन रूपात उरतो, आणि त्याची काजळी नळीत चिकटते. गुळगुळीत नळीत ती चालून जाते. पिळाच्या नळीत घट्ट बसणारी गोळी पाच-दहा बारांनंतर आत जाईनाशी होते. ही काजळी मऊ ठेवायची तर प्रत्येक गोळीबरोबर काहीतरी ओशट आत जायला हवे. म्हणून काडतुसाच्या गोळीकडच्या टोकाला चरबी आणि मेण यांचे मिश्रण लावलेले असे. चरबीची गरज खरी होती. गाय किंवा डुक्कर यांची गरज मात्र मुळीच नव्हती. मधमाशीचे मेण आणि तूप, किंवा मेण आणि तेल, यांनी हेच काम होते. आणि हे त्या काळच्या अधिकाऱ्यांनाही ठाऊक होते, कारण नंतर त्यांनीच ती सवलत दिली.

इथे गोष्टीचा खरा प्रश्न सुरू होतो. कोणाला काय आणि कधी माहीत होते?

१८५३ मध्ये विलायतेहून चरबी लावलेली काडतुसे हिंदुस्थानच्या हवेत टिकतात का ते पाहण्यासाठी इकडे आली. तेव्हाच बंगाल सैन्याचे ॲडज्युटंट-जनरल कर्नल टकर यांनी लिहून कळवले होते की, या चरबीत कोणाच्याही धर्माला आड येणारे काही नाही याची खात्री असल्याशिवाय ही काडतुसे देशी पलटणींना देऊ नयेत. तो कागद सरकारी फायलींत फिरला आणि विरला. पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये काडतुसे तयार होऊ लागली, तेव्हा चरबी पुरवणाऱ्या ठेकेदाराला ती कोणत्या जनावराची असावी हे कोणी बजावलेच नाही. बाजारात चरबी स्वस्त मिळे ती गायीबैलांची. डुकराची होती की नव्हती यावर आजही वाद आहे. पण दारूगोळा खात्याच्या प्रमुखालाच विचारले तेव्हा तो ठामपणे 'नाही' म्हणू शकला नाही. शिपायाच्या भीतीला आधार एवढाच होता, आणि एवढा पुरेसा होता.

जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडमला ही कुजबुज सुरू झाली. कारखान्यातल्या एका खालच्या जातीच्या कामगाराने ब्राह्मण शिपायाकडे लोट्यातून पाणी मागितले, शिपायाने जात विचारली, आणि कामगार म्हणाला, आता चरबीचे काडतूस तोंडात घातलेस की तुझी तरी जात कुठे राहणार? २२ जानेवारीला डमडमच्या कॅप्टन राइटने हा प्रकार वर कळवला. जनरल हिअर्सीने सुचवले की शिपायांना बाजारातून आपले आपण मेण-तेल आणून काडतुसांना लावू द्या. महिनाअखेरीस तशी परवानगीही निघाली. नंतर दाताऐवजी बोटांनी काडतूस फाडायची कवायतही आली. हे दोन्ही उपाय योग्य होते. पण ते १८५३ मध्ये आले असते तर सोय ठरले असते. १८५७ मध्ये आले तेव्हा तो कबुलीजबाब ठरला. काही नव्हतेच, तर आता बदलता का? असे शिपाई विचारू लागले.

मग संशय चरबीवरून कागदावर गेला. फेब्रुवारीत बेहरामपूरला १९ व्या पलटणीने जुन्याच प्रकारच्या, चरबी नसलेल्या काडतुसांना हात लावायचे नाकारले, कारण कागद तुकतुकीत दिसत होता. २४ एप्रिलला मेरठला तिसऱ्या घोडदळाच्या ९० निवडक शिपायांना कवायतीला उभे केले. ८५ जणांनी काडतूस घेतले नाही. या ८५ जणांत निम्म्याहून अधिक मुसलमान होते. तीही काडतुसे जुनीच होती. त्याच सुमारास रमजान लागला. ९ मे रोजी या ८५ जणांना सगळ्या छावणीदेखत बेड्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी मेरठ पेटले.

इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ती काडतुसे जुनीच होती, मग नकाराला अर्थ काय? शिवाय बंड झाल्यावर शिपायांनी इंग्रजांचाच दारूगोळा इंग्रजांवर वापरला, तेव्हा धर्म कुठे गेला? मुसलमान म्हणून मला या आक्षेपाचे उत्तर आपल्याच परंपरेत सापडते. हराम वस्तू नाइलाजाने, जीव वाचवण्यापुरती, मनात उल्लंघनाचा हेतू नसताना तोंडात गेली तर गुन्हा नाही, ही सवलत खुद्द कुराणातच आहे. शरीयत माणसाची अडचण ओळखते. पण मेरठच्या मैदानात कोणी उपाशी नव्हते आणि समोर शत्रूही नव्हता. समोर होता एक साहेब, त्याला आपला हुकूम चालतो की नाही एवढेच पाहायचे होते. स्वतःच्या लढाईत स्वतःच्या मर्जीने काडतूस उचलणे आणि ज्याने चरबीबद्दल खरे सांगितले नाही त्याच्या हुकमाने ते तोंडात घालणे, या दोन गोष्टी एक नाहीत. हिंदू शिपायाचे संकट तर अधिकच व्यवहाराचे होते. जात गेली की गावाकडची पंगत गेली, मुलीचे लग्न अडले. ज्या शिपायाचे घरदार या शंकेवर उभे आहे, त्याला धर्मभोळा म्हणणे सोपे आहे. त्यात १८५६ मध्ये अवध खालसा झाले होते. बंगाल सैन्याचे असंख्य शिपाई त्याच मुलखातले. जे सरकार राज्य गिळते ते खरे बोलत असेल यावर त्यांनी विश्वास का ठेवावा?

आता कोकणाकडे येऊ. मुंबई सैन्याला रत्नागिरी जिल्ह्याने फार मोठ्या संख्येने शिपाई दिले. तेव्हाच्या जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचाही मोठा भाग होता. मराठे, महार, मुसलमान, बेने इस्रायल यहुदी, सगळे एकाच पलटणीत असत. दापोलीला तर लष्कराची छावणीच होती आणि निवृत्त शिपायांची वस्ती होती. कॅम्प दापोली हे नाव त्यातूनच आले. बंगाल सैन्यात वरच्या जातींचे प्राबल्य होते, तसे इथे नव्हते.

तरीही ३१ जुलै १८५७ च्या रात्री कोल्हापूरला २७ वी मुंबई देशी पायदळ पलटण उठली. पुढारी होता रामजी शिरसाट. अधिकाऱ्यांना वेळेवर इशारा मिळाला तो पलटणीतल्या एका यहुदी देशी अधिकाऱ्याच्या घरातून. पळालेल्यांपैकी तीन तरुण इंग्रज अधिकारी मारले गेले. या पलटणीची एक तुकडी रत्नागिरीला होती, म्हणून मुंबईला घाम फुटला. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनने ऐन पावसाळ्यात गोरे शिपाई जहाजाने रत्नागिरीला उतरवले, आणि ते चिखल तुडवत, घाट चढत कोल्हापूरला गेले. कर्नल जेकबने पलटणीची हत्यारे काढून घेतली. दोषी ठरलेल्यांपैकी काहींना तोफेच्या तोंडी दिले. डिसेंबरात छत्रपतींचे बंधू चिमासाहेबांच्या नावाने पुन्हा उठाव झाला. त्यांना कराचीला नेऊन ठेवले, आणि तिथेच त्यांचा अंत झाला.

एक तारीख इथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. कोल्हापूरला पलटण उठली त्याच्या दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, दिल्लीत बकरी ईद होती. ईदेला शहरात गाय कापायची नाही, असा सक्त हुकूम बहादूरशाहने काढला होता. दिल्लीला वेढा घालून बसलेल्या इंग्रजांना त्या दिवशी शहरात हिंदू-मुसलमान दंगा होईल अशी आशा होती. ती फोल ठरली. काडतुसाने ज्यांना एकत्र आणले त्यांनी एकमेकांच्या शपथा जपल्या.

पण मुंबई सैन्याचा मोठा भाग कंपनीच्या बाजूने राहिला, हेही तितकेच खरे आहे. १८५८ च्या एप्रिलमध्ये ह्यू रोजने झाशी घेतली, तेव्हा त्याच्याबरोबर मुंबईच्या २४ आणि २५ क्रमांकाच्या देशी पलटणी होत्या. त्याच वेढ्यात शहराच्या आत कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे होते. त्यांनी पुढे 'माझा प्रवास' लिहिला. म्हणजे कोटाच्या आत कोकणचा भट आणि बाहेर कोकणातून भरती करणाऱ्या सैन्याचे शिपाई. आपल्या पूर्वजांबद्दल बोलताना आपल्याला एकच बाजू हवी असते. कोकणातल्या घरांना, हिंदू असोत की मुसलमान, ती सोय नाही. ज्याच्या आजोबांचा पेन्शनचा कागद पेटीत आहे, त्याने तो लपवू नये आणि मिरवूही नये. पोट पलटणीवर होते, एवढे त्यातून वाचता आले तरी पुष्कळ.

पुढची गंमत अशी की हे काडतूस दहा वर्षांतच जुने झाले. १८६६ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्नायडरची पद्धत घेतली. त्याच एनफिल्ड मागून उघडणाऱ्या केल्या आणि धातूचे काडतूस आले. दात लागेनासा झाला. त्याआधीच बंडाची धास्ती घेतलेल्या सरकारने देशी पलटणींना पीळ नसलेल्या, मुद्दाम कमी नेमाच्या बंदुका दिल्या होत्या. १८७८ च्या हत्यार कायद्याने सामान्य माणसाच्या हातातली बंदूक परवान्यावर आली. जिथून कुजबुज सुरू झाली त्या डमडमच्या कारखान्याने शतकाच्या अखेरीस अंगात फुटणारी गोळी बनवली. १८९९ च्या हेगच्या परिषदेत तसल्या गोळ्यांवर बंदी आली. कोकणात मात्र ठासणीची बंदूक अजून आहे. रानडुक्कर आणि वानरांपासून भात आणि बागा राखण्यासाठी शेतीसंरक्षणाचा परवाना मिळतो, आणि निवडणूक आली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. आपल्यावर इतकाही विश्वास नाही का, असे शेतकरी तेव्हा दरवेळी विचारतात.

हाच प्रश्न १८५७ चाही होता. डिसेंबर २०२० मध्ये करोनाच्या लसीत डुकरापासून काढलेले जिलेटिन आहे अशी चर्चा आपल्याकडे पसरली. काहींनी लगेच 'पुन्हा तीच चरबीची अफवा' म्हणून मुसलमानांची टर उडवली. पण या वेळी गोष्ट वेगळी घडली, कारण उत्तर वेळेवर आले. काही मोठ्या कंपन्यांनी आपल्या लसीत तो पदार्थ नाही असे स्पष्ट सांगितले. अमिरातीच्या फतवा परिषदेने तर म्हटले की असला तरी जीव वाचवण्यासाठी लस घेणे जायज आहे. विचारणाऱ्याला मूर्ख न ठरवता माहिती दिली की बहुतेक माणसे ऐकतात. कर्नल टकरने १८५३ मध्ये एवढेच मागितले होते. आत काय आहे ते आधी पक्के करा, मग शिपायाच्या हातात द्या. त्या कागदावर वेळीच सही झाली असती तर पुढचे सगळे टळले असते असे मी म्हणणार नाही, कारण अवध तरीही खालसाच झाले असते. पण आत काय घातले आहे, असे विचारणारा माणूस भोळा नसतो, एवढे तरी पाठ्यपुस्तकाच्या त्या एका वाक्यापुढे लिहायला हवे.